वाटणीचं ऊन

कलाबाईंनी जुन्या सुती लुगड्याचं एक टोक पॅनलच्या लोखंडी पायाला गाठ मारून बांधलं, दुसरं टोक ताणून पलीकडच्या पायाला गुंडाळलं आणि कापडावरून तळहात फिरवून बघितला. एक चुणी राहिली नव्हती. लेकाची, महेशची मोटरसायकल सातपूरच्या कंपनीच्या दिशेनं केव्हाच गेली होती आणि खालची काच आतापासूनच कढत लागत होती. बाजूच्या पातेल्यात चीक वाफाळत होता. त्यांनी पदर खोचला, सोऱ्यात चिकाचा गोळा भरला आणि पहिली कुरडई पाडली. गोल, भरगच्च, टोक आत वळवलेलं. मग तिला खेटून दुसरी, तिसरी.

सोलरच्या पॅनलवर कुरडया! ऐकणारा कपाळाला हात लावेल. पण कलाबाईंना विचारलं असतं, तर त्यांनी ठणकावून सांगितलं असतं की कुरडईसाठी याहून चांगली जागा देवानं केलेलीच नाही. काच उतरती, तोंड दक्षिणेला, म्हणजे दिवसभराचं ऊन थेट अंगावर. वरून तापतं आणि खालूनही तापतं. फरशीची धूळ नाही, मुंग्या नाहीत, आणि शेजारचा बोका चढायला गेलाच तर घसरून खाली. फरशीवर जे काम दोन दिवसांचं, ते इथं संध्याकाळच्या चहाच्या आत कडकडीत. मागच्या उन्हाळ्यात एक ओला पापड हातातून सुटून काचेवर पडला, तो दुपारी उचलायला गेल्या तर मोडला की टणकन आवाज! त्या दिवसापासून कलाबाईंना ही विद्या लाभली.

आणि त्यांचा हिशेबही चोख होता. पॅनल सहा. त्यातली दोन त्या घेत. बाकीची चार महेशच्या विजेला मोकळी सोडलेली. यापेक्षा सरळ वाटणी कुठल्या घरात होते, तुम्हीच सांगा. शिवाय तो यायच्या आत त्या लुगडं सोडून घेत आणि दोन्ही काचा ओल्या फडक्यानं लख्ख पुसत. महेश रविवारी वर आला की म्हणे, "आपल्या पॅनलवर धूळ बसतच नाही. एक नंबर क्वालिटी!" कलाबाई तेव्हा मिरच्यांचे देठ खुडत असत. मान काही वर करत नसत.

मखमलाबादचं हे घर महेशनं बांधलं आणि त्यावर सोलर बसवलं, तेव्हाच गच्चीच्या दोन बाजू ठरल्या होत्या. पश्चिमेकडे त्याची पॅनल, जिन्याखाली भिंतीला टेकून त्याची बॅटरी. पूर्वेकडची बाजू आईच्या वाळवणाची. "इथं मी खिळासुद्धा ठोकणार नाही," असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. कलाबाईंचं अर्धं आयुष्य मळ्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधण्यात गेलं, पण तो मळा घराचा होता. कुरडया मात्र त्यांच्या एकटीच्या होत्या. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या बाया फोन करायच्या. कुरडया पुण्याला जायच्या, कुणाच्या लेकीच्या बॅगेतून पार समुद्रापलीकडे जायच्या. फोन उचलला की पलीकडून आवाज यायचा, "कलाबाई आहेत का? त्या कुरडयावाल्या?" त्या प्रश्नानं त्यांना दर वेळी नव्यानं बरं वाटे.

त्याच संध्याकाळी लाईट गेली. उन्हाळ्यात हे रोजचंच. डीपीवर लोड आला की वायरमन येईपर्यंत सगळा भाग अंधारात. पण बॅटरीचं घर, म्हणून कुणी जागचं हललं नाही. पुढच्या खोलीत कलाबाईंच्या नवऱ्याची, पुंजारामांची टीव्हीवरची मालिका चालू राहिली, आतल्या खोलीत सुनेचा, योगिनीचा दहावीच्या मुलांचा ऑनलाईन क्लास चालू राहिला. थोडा वेळ. मग जिन्याखालच्या पेटीनं टीं-टीं केलं आणि पंख्यासकट सगळं घर गप्प झालं.

"हॅलो... मुलांनो, ऐकू येतंय का?" आतून सुनेचा आवाज आला, आणि मग तोही थांबला.

"झालं!" पुंजाराम अंधारातच बोलले. "आता त्या पोरीनं विष पिलं का नाय, कसं कळायचं?"

महेश मोबाईलचा उजेड घेऊन बाहेर आला. सदऱ्याची बटणं उघडी, कपाळाला आठ्या. "कालही असंच. परवाही असंच. बॅटरी पूर्ण भरतच नाही. हे बघा बाबा." त्यानं फोन वडिलांच्या नाकासमोर धरला. "सकाळी छान चढते. नऊच्या पुढं एकदम घसरगुंडी. आणि चारनंतर पुन्हा थोडी उचल. भर उन्हात घसरगुंडी! मी नेटवर वाचलंय. पॅनल फार तापली की वीज कमी करतात."

"आसंल," पुंजाराम म्हणाले. त्यांना फोनमध्ये ओ की ठो कळत नव्हतं.

"मी ठरवलंय. अजून एक बॅटरी घ्यायची, आणि ती भरायला चार पॅनल. सोलरवाल्या गोरक्षला सांगितलंय, रविवारी माप घ्यायला येतोय."

योगिनी दारात येऊन उभी होती. तिनं हळूच विचारलं, "चार पॅनल बसवणार कुठं?"

महेशनं उजेड खाली केला. "पूर्वेच्या बाजूला. दुसरी जागाच नाही."

स्वयंपाकघरात मेणबत्तीच्या उजेडात कलाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. तळहातावरची भाकरी मधोमध फाटली. त्यांनी तिचा पुन्हा गोळा केला.

"माझ्या बाजूला?"

"आई, ऐक ना..."

"खिळा ठोकणार नाय म्हणला होतास."

"तेव्हा गरज नव्हती. आता घरात पंखा नको का? योगिनीचा क्लास रोज बंद पडतो. बाबांना उकाड्यात झोप नाही. आणि तू तरी किती दिवस करणार हे? साठी उलटली तुझी. आता जरा आराम कर."

"आराम काय, मेल्यावर हायेच की. आन् कुरडया कुठं घालू मी? तुझ्या टकलावर?"

पुंजाराम अंधारात फिस्सकन हसले. "जागा चांगली हाय. ऊन बी लागतं."

महेशला हसू आलं नाही. "रविवारी गोरक्ष येणार म्हणजे येणार," एवढं बोलून तो उजेड घेऊन बाहेर गेला.

कलाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत असं नाही. जेवल्या, पण अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. पूर्वेची बाजू गेली की कुरडया गेल्या, आणि कुरडया गेल्या की तो फोनवरचा प्रश्न गेला. मग उरायचं काय, तर महेशची आई आणि पुंजारामांची बायको. त्यात वाईट काही नव्हतं. पण ते तर त्या आधीपासून होत्याच.

पहाटे उठून त्यांनी भिजलेले गहू उपसले. तीन दिवस पाण्यात मुरलेले गहू. आज वाटले नाहीत तर आंबून जाणार. मिक्सरचं बटण दाबलं. मिक्सर घुरघुरला, दोन गिरक्या घेतल्या आणि बसला. लाईट परत गेली होती आणि बॅटरीत जीव नव्हता.

कलाबाई तरातरा जिन्याखाली गेल्या. दिवाळीला त्यांनीच त्या पेटीवर काढलेलं स्वस्तिक अजून तसंच होतं. त्यांनी त्याच्या शेजारी एक चापट मारली.

"एवढी भिंत अडवून बसलीस, न् माझे चार गहू दळून देता येत नाय व्हय तुला? नुसती खाया काळ!"

"तिला खायलाच मिळत नाहीये, आई."

योगिनी केसांना रबर लावत जिना उतरत होती. खालच्या पायरीवर बसली. कलाबाईंना पण हातानंच बस म्हणाली.

"का नाय मिळत? दिवसभर आग ओकतोय सूर्य."

योगिनीनं फोनवर विजेचा ग्राफ उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बोटानं एकेक दिवस सरकवला. "हा कालचा. हा परवाचा. हा त्याच्या आदला." कलाबाईंना त्यातले इंग्रजी आकडे कळत नव्हते, पण आकार कळत होता. सगळे दिवस सारखेच, मधोमध कुणी मोठा घास तोडून नेल्यासारखे. मग योगिनीनं अजून एक दिवस सरकवला. हा तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीसारखा, अख्खा.

"हा कवाचा?"

"गुरुवारचा. तुम्ही भाच्याच्या साखरपुड्याला चांदवडला गेला होतात, त्या दिवशीचा."

 बोट लावून कलाबाईंनी स्वतःच एक दिवस मागं नेला, एक पुढं आणला. तोडलेला घास. अख्खी भाकरी. पुन्हा तोडलेला घास.  हे घास कोण तोडत होतं, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"पण मी तर दोनच घेते," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "चार त्याला सोडते."

"सगळी एकाच माळेत जोडलेली आहेत, आई. दोन झाकली की बाकीच्यांचाही जोर कमी होतो."

बाहेर कुणाची तरी दुधाची गाडी थांबली, कॅन वाजले, गाडी पुढं गेली. कलाबाईंनी फोन सुनेला परत दिला.

"तुला कवापासून माहीत हाय?"

"मागच्या वर्षीपासून. कपडे वाळत घालायला मी येतेच की वर."

"न् बोलली नाय? तुझा क्लास बंद पडतो रोज!"

"मुलांना तेवढीच सुट्टी," योगिनी हसली. मग हसू आवरून म्हणाली, "माझ्या आईची शिलाई मशीन होती. खिडकीत. घरात जागा पुरत नाही म्हणून ती आधी कोपऱ्यात गेली, मग माळ्यावर. आईनं एक शब्द काढला नाही. मला तेव्हा बोलायला हवं होतं."

कलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. घरात येऊन सहा-सात वर्षं झाली होती या पोरीला, आणि आज त्यांना ती नव्यानं दिसत होती.

"न् महेशला काय माहीत हाय?"

"महेशना ग्राफ दिसतो, आई. लुगडं नाही दिसत."

यावर दोघींना असं हसू फुटलं की पुंजारामांची झोप मोडू नये म्हणून कलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग त्यांनी कोपऱ्यातला पाटा ओढला. एकीनं गहू लोटायचे, दुसरीनं वरवंटा फिरवायचा. उजाडेपर्यंत सगळा चीक निघाला, योगिनीचे दंड भरून आले, पण एक दाणा आंबला नाही.

त्या दिवसापासून लुगडं पॅनलवर चढलं नाही. कलाबाईंनी मनात आराखडा पक्का केला. बॅटरी भरली म्हणजे वाढवायचं कारण संपलं. कारण संपलं म्हणजे गोरक्ष आल्या पावली परत. आणि कुरडयांची गोष्ट कुणाच्या कानावर जायचंही कारण नाही. त्यांनी महेशला एवढंच सुचवलं, "नवीन घ्यायच्या आधी हायेत ती एकदा धुऊन तर बघ. तुझ्या हातानं."

महेशनं कामावर जायच्या आधी बादली आणि वायपर घेऊन पॅनल धुतली. इकडे सगळा माल पूर्वेच्या फरशीवर आला. जागा अपुरी, वेळ दुप्पट, आणि बोक्याला तर सणच झाला. शेवटी कलाबाईंनी नवऱ्याला वर पाठवलं. गुडघ्यांचं निमित्त करून पुंजारामांनी गच्चीवर येणं केव्हाच सोडलं होतं, पण कच्च्या चिकाची वाटी रोज मिळेल म्हटल्यावर गुडघे मुकाट्यानं जिना चढले. जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून ते बसत आणि बोका दिसला की चप्पल भिरकावत. चप्पल एकदाही बोक्याला लागली नाही. एकदा मात्र खाली भाजीवाल्याच्या गाडीत जाऊन पडली.

आणि बॅटरी? बॅटरी काठोकाठ! संध्याकाळी लाईट गेली तर घराला पत्ता लागला नाही. क्लास पूर्ण झाला. मालिका पूर्ण झाली. त्या पोरीनं विष पिलंच नव्हतं, सरबत होतं. रात्रभर पंखे गरगरले आणि पहाटे मिक्सरनं एका दमात गहू वाटले. कलाबाईंनी जिन्याखाली जाऊन पेटीला कुंकू लावलं आणि दोन बोटं कानशिलावर मोडली.

महेश तर घरभर नाचत होता. "बघितलं? धुतल्याचा फरक! मी म्हणतच होतो!" तो काहीएक म्हणत नव्हता. पण त्यानं वायपर हातात घेऊन फोटो काढला, स्टेटसला ठेवला, कंपनीतल्या मित्रांना पॅनल कशी धुवायची यावर व्याख्यान दिलं. कलाबाईंच्या जिभेच्या टोकावर शब्द आले होते. त्यांनी ते गिळले. जिंकल्यावर बोलायचं कशाला?

शनिवारी रात्री जेवताना त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "मग गोरक्षला नको म्हणून कळवलंस ना?"

"नको कशाला?" महेशनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. डोळे नुसते चमकत होते. "आई, सहा पॅनलवर एवढं, तर दहावर किती? आता तर दोन बॅटऱ्या सहज भरतील. मला खात्रीच नव्हती, ती आता आली. उद्या माप, पुढच्या आठवड्यात काम सुरू!"

योगिनीनं वाढता वाढता पळी भांड्यात सोडली. कलाबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. ताटातलं मीठ त्या बोटानं गोळा करत बसल्या. त्यांनी एवढी शर्थ केली, आणि सगळी नेऊन पोराच्या पारड्यात टाकली होती. गप्प राहून जिंकायचं म्हणतात ते हे असं जिंकणं. संताप आला त्यांना, पोराचा नाही, स्वतःच्या शहाणपणाचा. 

"योगिनी," त्या उठताना म्हणाल्या, "उद्या सकाळी चीक शिजवायचा हाय. लवकर उठ."

रविवारी नऊच्या सुमारास गोरक्ष आला. पंचवीस-तिशीचा, पाठीला बॅग, कानाला पेन्सिल. महेश त्याला थेट पूर्वेच्या बाजूला घेऊन गेला. फरशीवर कालच्या कुरडया मांडलेल्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत गोरक्षनं टेप लावली आणि खडूनं रेघा मारल्या. एक रेघ एका कुरडईला वळसा घालून गेली. पुंजाराम खुर्चीत चप्पल घेऊन तयार होते, बोक्यासाठी.

"इथं दोन, इथं दोन," गोरक्ष म्हणाला. "मावशींना हे वाळवण उचलावं लागेल."

"उचलेल ती," महेश म्हणाला.

तेवढ्यात जिन्यातून आधी पातेलं वर आलं, मग कलाबाई. वाफेनं चेहरा लाल, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर घडी घातलेलं लुगडं. मागून योगिनी सोऱ्या घेऊन. महेशला वाटलं, आई तिच्या बाजूला येणार आणि भांडणार. त्यानं मनाची तयारीही केली. पण कलाबाईंनी पूर्वेकडे मानसुद्धा वळवली नाही. त्या सरळ पश्चिमेला गेल्या, त्याच्या पॅनलपाशी. लुगडं उलगडलं. एक टोक या पायाला, दुसरं त्या पायाला. तळहात फिरवून चुण्या काढल्या.

"आई? अगं काय करतेस?"

"फोन काढ तुझा," कलाबाई म्हणाल्या. "आता किती येतीय वीज, बघून ठेव."

सोऱ्या भरला. पहिली कुरडई पाडली. दुसरी. योगिनी गोळे करून देत होती, कलाबाईंचा हात फिरत होता, गोल, भरगच्च, टोक आत. एक अख्खं पॅनल झाकलं. त्यांनी शेजारच्यावर दुसरं लुगडं ताणलं.

महेश एकदा फोनकडे बघत होता, एकदा आईकडे. त्याच्या तोंडातून आकडा बाहेर पडला, मग दुसरा, त्याहून लहान, मग अजून लहान. मग तो आकडे म्हणायचा थांबला.

"अरे देवा!" गोरक्षला राहवलं नाही. "साहेब, मागच्या महिन्यात मी तुमची वायरन् वायर तपासली हो. इन्व्हर्टर उघडून बघितला. म्हटलं, दोष सापडत का नाही!"

"हे... कधीपासून?" महेशनं विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासनं," कलाबाई म्हणाल्या. हात चालूच होता. "दोनच घेत होते. मला वाटलं, चार तुला पुरतील. नाय पुरत, हे मला ठावं नव्हतं. ठावं झालं तसं एक दिवस लुगडं टाकलं नाय. तवा तुझी बॅटरी भरली. वायपरनं नाय भरली."

पुंजाराम खुर्चीतून अर्धे उठले होते. "आन् माझी मालिका वर्षभर..." एवढं बोलून त्यांनी बायकोचा चेहरा बघितला आणि परत बसले.

कलाबाईंनी सोऱ्या पातेल्यावर ठेवला आणि पहिल्यांदा मुलाकडे तोंड केलं. आवाज चढलेला नव्हता, पण शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा थांबून ऐकत होती.

"घरात उजेड पायजे, मला बी पायजे. योगिनीचा क्लास बंद पडू नये, हे तुझ्याइतकंच मला बी वाटतं. म्हणून आजपासनं तुझ्या काचांना मी हात लावणार नाय. ह्या आज शेवटच्या, तुला दाखवाया घातल्या. तुझी बॅटरी हाय तेवढी बास हाय, बघितलंस तू. पण ती बाजू माझी. तिथं खिळा ठोकू देणार नाय मी. कोणाला बी."

बोलून झालं आणि त्यांना एकदम हलकं हलकं वाटलं. इतकी वर्षं या घरात त्या ओरडल्या होत्या, रुसल्या होत्या, टोमणे मारले होते. 'माझी' म्हणून मात्र आजवर कशावर हात ठेवला नव्हता. आज ठेवला, भर उन्हात, परक्या माणसादेखत, आणि आभाळ काही कोसळलं नाही. उलट, काय लख्ख पडलं होतं ऊन!

 महेशनं फोन खिशात टाकला. पॅनलजवळ जाऊन लुगड्याची गाठ बोटांनी चाचपली. गाठ पक्की होती, वाऱ्यानं सुटणारी नव्हती. मग तो पूर्वेच्या बाजूला आला. खडूच्या रेघा कुरडयांच्या रांगांमधून गेल्या होत्या. त्यानं चप्पल काढली आणि तळव्यानं एक रेघ पुसली. मग दुसरी. ज्या कुरडईला वळसा घालून रेघ गेली होती तिथं तो खाली वाकला आणि ती हातानं पुसली, कुरडईला धक्का न लावता.

"गोरक्ष, बॅटरी राहू दे," तो म्हणाला.

गोरक्षचा चेहरा उतरला. "बरं. म्हणजे पॅनल पण राहू देत."

"पॅनल बसव. दोन." महेशनं आईकडे बघितलं नाही. "तुमच्या गोडाऊनला बंद पडलेली असतील ना? वीज न देणारी, पण काच धड असलेली?"

"पडलीत की चिक्कार. पण साहेब, त्यांचा उपयोग काय?"

"इथं बसवायची. तोंड दक्षिणेला, उतार असाच. फक्त वायर जोडायची नाही."

गोरक्षनं महेशकडे बघितलं, मग पश्चिमेच्या काचांवर ओळीनं बसलेल्या कुरडयांकडे, मग कलाबाईंकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. योगिनी पाठ फिरवून उगाच पातेल्यातला चीक ढवळत होती.

कलाबाई जागेवरून हलल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी चिकाच्याच हातानं पुसलं आणि गालाला पांढरा पट्टा लागला. मग त्या ठसक्यात पुढं झाल्या, आपल्या बाजूच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"ए बाबा, वरची कड माझ्या हाताला येईल अशी ठेव. त्या तिकडच्यांसाठी मला स्टुलावर चढावं लागतं."

"किती उंच ठेवू मावशी?"

कलाबाईंनी उजवा हात समोर लांबवला, जितका पुरेल तितका, आणि तसाच धरून ठेवला. गोरक्षनं टेप उघडली, तिचं टोक फरशीवर टेकवलं आणि माप त्यांच्या बोटांपर्यंत घेतलं.